नुसती हवा

बँडमास्तरांनी छडी स्टँडवर आपटली, तशी सगळी वाद्यं गप्प झाली.

"सूर नको म्हटलं ना! नुसती हवा. फुंका, पण वाजू देऊ नका."

"हवा वाया घालवतोस म्हणून जन्मभर बोलणी खाल्ली, सर," ट्युबावाला म्हणाला. "आता तीच कला झाली होय?"

हशा पिकला. मागच्या रांगेत लेकीला मांडीवर घेऊन बसलेली ती मात्र हसली नाही. रचना तिची होती, बाळंतपणानंतरची पहिलीच. ठमीची टोपी उगाच सरळ करत तिने शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. तो कौतुकाने मान डोलावत होता.

पुन्हा सुरुवात झाली. क्लॅरिनेटमधून, ट्रॉम्बोनमधून, त्या अवजड ट्युबामधूनही फक्त श्वास येऊ लागले. दोन आखूड, एक लांब, ओढत आणलेला, शेवटी बारीकशी शिट्टी. नवऱ्याची मान डोलायची थांबली.

"ही आपली ठमी आहे," तो हळूच म्हणाला. "दवाखान्यातली."

"हं."

"तेव्हाच सुचलं होतं तुला?"

"छे, नंतर. घरी आल्यावर."

खोटं होतं. त्या दुपारी तो औषधं आणायला खाली गेला होता आणि ती पलंगाच्या कठड्यावर बोटांनी ठेका धरून बसली होती. दोन आखूड, एक लांब. मग ठमीचा पुढचा श्वास आलाच नाही. नर्सला हाक मारायच्या आधी ती थांबली. आता लय कुठून उचलतेय, ते ऐकायला. क्षणभरच. मग जिवाच्या आकांताने ओरडली. आईचं लक्ष होतं म्हणून पोर वाचली, असं डॉक्टर म्हणाले. सासूबाई ते वाक्य अजून आल्यागेल्याला ऐकवतात, आणि दर वेळी ती चहा करायला आत उठून जाते.

समोरची हवा थांबली. बँडमास्तरांचे हात वरच राहिले. सगळा बँड छाती भरून, ओठ वाद्याला लावून थांबला. कुणाची खुर्चीही करकरली नाही. ते थांबणं लांबलं. आणखी लांबलं.

"पुरे!" ती ओरडली.

ठमी दचकली. बँडमास्तर वळले.

"अहो बाई, तुम्हीच लिहिलंय ना, सोसवेल तितकं थांबा म्हणून?"

"हो, पण... इतकं नाही. थोडं कमी."

"किती कमी? दाखवा हाताने. तेवढंच धरू."

तिचा हात उचलला गेला आणि ठमीच्या पाठीवर परत आला. नवरा तिच्याकडे बघत होता.

"सांग ना त्यांना," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "तुला माहीत असेल."

ठमी कुरकुरायला लागली. तिने तिला थोपटलं, पण हाताला ठेका सापडेना.

त्याने दोन्ही हात पुढे केले.

"दे इकडे तिला," तो म्हणाला. "तू ऐक."