दफनभूमीपर्यंत गुरगुरणारी गाडी

आमच्याकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा. जुलैतल्या त्या शनिवारी सकाळी सात वाजता नोरीन हॅड्रिलच्या फाटकाशी आम्ही चाळीसेक माणसं उभी होतो. गवतावर हिम साचलं होतं आणि तोंडातून वाफा निघत होत्या. सगळ्यांचे डोळे अंगणातल्या निळ्या गाडीवर होते. नोरीनचा नवरा लेस्टर मार्चमध्ये वारला होता, आणि तो त्या गाडीत येतो असं निम्म्या टॅलो क्रीक गावाचं ठाम मत झालं होतं.

मी इथला पोस्टमास्तर. गाडीचा तो प्रकार मी स्वतः पाहिला होता. आपोआप गिअर बदलणारी गाडी, पण सकाळी नोरीन निघाली की ती वरचा गिअर घ्यायलाच तयार नसे. इंजिन साखळीला बांधलेल्या कुत्र्यासारखं गुरगुरत राही. साडेतीन किलोमीटरवर दफनभूमीचं फाटक आलं की एक हिसका बसे, गिअर पडे आणि मग गाडी लोण्यासारखी चाले. लेस्टरला त्याच फाटकाच्या आत पुरलं होतं. दुपारी गाडी कधीच गुरगुरत नसे.

मेमध्ये डेस्मंड प्रूइट गावात आला. मृतांशी बोलतो म्हणायचा. महिन्याभरात तो नोरीनच्या मागच्या खोलीत राहायला गेला आणि लेस्टरचा कोट घालून हिंडू लागला. दर शनिवारी तो डोळे मिटून गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवी, आत्म्याची नाडी लागली की लेस्टर होकार देणार की नकार ते सांगे, आणि गाडी त्याचा शब्द खरा करी: गुरगुरली तर नकार, शांत चालली तर होकार. दुपारी बैठक घ्या म्हटलं तर सांगे, "मृतांना ऊन सोसत नाही, बाबांनो." आम्ही माना डोलवायचो.

इथवर हसण्यावारी नेता आलं असतं. पण नोरीनच्या छातीत गाठ लागली होती. कॅनबेराच्या इस्पितळाने तिला दोनदा तारीख दिली, दोन्हीदा ती निघाली, वाटेत गाडी गुरगुरली आणि ती दफनभूमीच्या फाटकावरून माघारी वळली. येताना गाडी शांत होती. डेस्मंडने अर्थ सांगितला, "बाई, त्याला तू घरीच हवी आहेस. सुरी लागली की तू गेलीस."

हे नोरीनने सांगितलं ते शेजारच्या थिया मॅकर्डीला. थिया शाळेत विज्ञान शिकवते. तिने गाडीची चावी मागितली तेव्हा नोरीनने ती मुठीत घट्ट धरली. मग म्हणाली, "थिया, तो गाडीत नसेल, तर मग मी एकटीच आहे गं."

"एकटी आहेस," थिया म्हणाली. "पण जिवंत आहेस."

त्या शनिवारी पहाटे थियाने डेस्मंड उठायच्या आत गाडी अर्धा तास फिरवून आणली आणि बॉनेटवर रात्रभर बाहेर गोठवलेली ओली गोणपाटं टाकली. सात वाजता डेस्मंड बाहेर यायच्या जरा आधी तिने ती उचलली. त्याने तळहात ठेवला आणि दचकून मागे घेतला.

"लेस्टर आज फार रागावलाय," तो खोल आवाजात म्हणाला. "इस्पितळाचं नाव काढलंत ना? बघा आता, गाडी कशी हलू देत नाही ती."

थियाने नोरीनला शेजारी बसवलं आणि गाडी सरळ रस्त्यावर घेतली. एक गिअर पडला, दुसरा, तिसरा. ना गुरगुर, ना हिसका. डेस्मंड म्हणाला की थिया परकी बाईमाणूस, म्हणून लेस्टरने मुलाहिजा ठेवला.

मग थियाने मला तिची स्वतःची गाडी काढायला सांगितली. तीही त्याच बनावटीची, रात्रभर हिमात उभी. मी गावाबाहेरच्या पुलापर्यंत नेली आणि ती सगळा रस्ता गुरगुरली. त्या गाडीचं कोणी मेलेलं नव्हतं.

थियाने सगळ्यांना समजावलं. थंडीत गिअरपेटीतलं तेल दाट होतं. इंजिन लवकर तापावं म्हणून गाडीतला संगणक तिला मुद्दाम खालच्या गिअरात जास्त वेळ धरून ठेवतो. तापायला आमच्याकडे साडेतीनेक किलोमीटर लागतात आणि दफनभूमी तेवढ्यावर आहे. लेस्टर असताना हे दिसलं नाही, कारण रोज पहाटे तो मेंढ्यांना चारा टाकायला तीच गाडी नेई. नोरीनला ती तापलेलीच मिळे. आणि डेस्मंड नाडी बघत नव्हता, बॉनेट थंड की गरम ते बघत होता. म्हणून आज तिने इंजिन तापवून बॉनेट तेवढं गार केलं होतं.

"तो कोट काढ," नोरीन एवढंच बोलली. डेस्मंडने तो कुंपणावर टाकला आणि सामान घ्यायलाही न थांबता तो चालू पडला.

सोमवारी मीच नोरीनला कॅनबेराला नेलं. डॉक्टरांनी गाठ काढली, पण तोवर ती काखेत पसरली होती. दोन महिने आधी यायला हवं होतं, असं ते म्हणाले. नोरीनचे उपचार अजून चालू आहेत, आणि पुढचं कोणी सांगत नाही.

माझीही गाडी थंडीत तशीच गुरगुरते. सात शनिवार मी त्या गर्दीत उभा होतो आणि हे एकदाही बोललो नाही. तुमच्या गावात कोणी असा येईल तेव्हा निदान तुम्ही विचारा. हेच दुपारी करून दाखव म्हणा, दुसऱ्या गाडीवर करून दाखव म्हणा. आणि जो कोणी आजारी माणसाला इस्पितळाच्या वाटेवरून माघारी फिरवतो, त्याला त्याच दिवशी विचारा.