हिरवा स्टिकर आणि गाळाची खोली

हे कुणाला खरं वाटणार नाही, पण मिनेसोटातल्या एका विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागात, एकोणीसशे नव्याण्णवच्या नोव्हेंबरात, कॉफीच्या यंत्रालासुद्धा नव्या शतकाची बाधा होऊ नये म्हणून उतारा करून मिळाला होता.

दुसऱ्या मजल्यावर रांग लागली होती. आजारी म्हातारीला दवाखान्यात न्यावं, तसे प्राध्यापक आपापले संगणक चाकांच्या गाड्यांवर ढकलत आणत होते. जुनी यंत्रं सालाचे शेवटचे दोनच आकडे धरत. एक जानेवारीला शून्य-शून्य आलं की त्यांना साल एकोणीसशे वाटणार, या धास्तीनं डीननं फर्मान काढलं होतं: ज्या यंत्रावर हिरवा स्टिकर नाही, त्याची वीज पंधरा डिसेंबरला तोडू.

स्टिकर मिळायचा यंत्रं 'बरी' करायला बाहेरून बोलावलेल्या रँडल प्रुइटकडे. तो पडद्यावर तळवा ठेवी, डोळे मिटी. "याच्या आत शतकाची भीती बसलीय. मी ती फक्त बाहेर बोलावतो." मग फ्लॉपी आत जाई, पडदा काळा होई, कॅलेंडरची पानं भराभर उडत, '१ जानेवारी २०००' झळके आणि घंटा वाजे. लोक टाळ्या वाजवत.

विभागाची तंत्रज्ञ अर्डिस क्वामे तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. आदल्या दिवशी तिनं एका संगणकातला घड्याळाचा सेलच काढून ठेवला होता. बिचाऱ्याला साल एकोणीसशे ऐंशी वाटत होतं. तरी प्रुइटच्या फ्लॉपीनं घंटा वाजवलीच.

तिनं हे विभागप्रमुख ओबर्गना दाखवलं.

"हिरवा लागला ना?" ओबर्ग म्हणाले.

"लागला, सर. पण आत काहीच बदललेलं नाही."

"डीनच्या यादीत मला एकही लाल खूण नकोय. गाळाच्या खोलीचा संगणक तेवढा राहिलाय. उद्या स्टिकर लावून घे आणि खाली सही कर."

इथे अर्डिस अडकली. गाळाच्या खोलीत बावीस वर्षांत चाळीस तळ्यांच्या बुडातून काढलेल्या गाळाच्या नळ्या होत्या, निम्म्या तिनंच बर्फाला भोकं पाडून उपसलेल्या. खोलीचा थंडावा आणि दाराचं कुलूप एकाच जुनाट संगणकावर चाले. सही केली तर एक जानेवारीला पंखा थांबणार, गाळ नासणार आणि कागदावर नाव तिचं. सही नाकारली तर पंधरा डिसेंबरलाच वीज जाणार.

दुसऱ्या दिवशी प्रुइटनं दाराबाहेरच्या संगणकाची घंटा वाजवली. अर्डिस म्हणाली, "आतल्या तापमानाच्या पेटीलाही एक स्टिकर लावा की. सहीआधी सगळं हिरवं दिसू दे." तो आत वळला. तिनं संगणकाची तारीख एकतीस डिसेंबर, रात्रीचे अकरा छप्पन्न अशी केली, जाड कोट चढवला आणि आत जाऊन दाराला पाठ टेकवून उभी राहिली.

"झालं. चला," प्रुइट म्हणाला.

"चार मिनिटं थांबू. बाहेर मी तारीख पुढे केलीय. तुमचा रोगी बरा झालाय, मग घाई कसली?"

प्रुइट हसला. मग हसायचा थांबला. "अर्डिस, असले खेळ बरे नव्हेत. बाजूला हो."

"तीन मिनिटं."

"हे बघ, प्रत्येक यंत्राची प्रकृती वेगळी. काहींना दुसरा डोस लागतो."

"काल तर म्हणालात, एका डोसात जन्मभराची सुटका."

पंखा कुरकुरला आणि गप्प झाला. दाराचं कुलूप खट्‌कन बसलं. त्या शांततेत प्रुइटचा श्वास मोठ्यानं ऐकू येऊ लागला.

"इथली हवा किती वेळ पुरेल?" त्यानं विचारलं.

"घंटा वाजवून बघा."

वीस मिनिटांत प्रुइटनं स्टिकरांच्या पाठकोऱ्या तावावर सगळं लिहून दिलं: फ्लॉपीत फक्त चित्र आणि घंटा आहे, ती घड्याळाला हातही लावत नाही, खरी दुरुस्ती म्हणजे एकेक यंत्र तपासून त्यातला प्रोग्राम बदलायचा, आणि तेवढी अक्कल माझ्याकडे नाही.

सोमवारी बैठकीत अर्डिसनं तो ताव वाचून दाखवला. "यंत्राला भीती बसत नाही," ती म्हणाली. "तारीख पुढे करून बघा. चाललं तर ठेवा, अडलं तर दुरुस्त करा. बघितल्याशिवाय कुणाच्या घंटेवर विश्वास ठेवू नका, माझ्यासुद्धा."

कुणी मान वर केली नाही. तेव्हा तिला राहवलं नाही. "आणि गंमत ऐका. वीस मिनिटं मी दाराला पाठ टेकवून उभी होते, बाहेर पडायला मार्गच नव्हता. पण त्यानं शेवटचा शब्द लिहिला आणि दार आपोआप उघडलं."

"चमत्कारच म्हणायचा," ओबर्ग पुटपुटले.

टोकाला बसून टिपणं घेणाऱ्या लॉर्ना या कारकून बाईंनी पेन खाली ठेवलं.

"अर्डिस, त्या दाराला आतून ढकलायचा दांडा आहे. कुलूप बसलं तरी दार उघडतो. मार्चमध्ये मी अडकले तेव्हा तूच दाखवला होतास." लॉर्नाबाईंनी चष्मा वर सरकवला. "मग त्या दिवशी वीस मिनिटं तू पाठ कशाला टेकवून उभी होतीस?"