माझ्यात हात धुऊ नका

मित्रांनो, आमच्या घरच्या थोरल्याने आज माझ्यात हात धुतले, आणि ते मला अजिबात खपलेलं नाही. साबण लावून, बोटांच्या बेचक्या घासून धुतले, वर टॉवेल कुठे म्हणून बायकोवर खेकसला. हात मळलेले असते तर मी चकार शब्द काढला नसता. धुणं हाच माझा जन्म. पण ते हात स्वच्छ होते, म्हणून तर मी भांडायला बसले आहे.

मी एक जुनी पितळी परात आहे. कणकेची नव्हे, ती बापडी वर फळीवर असते. मी पाण्याची. उंच काठ, दोन्ही बाजूंना कड्या, अंगभर हातोडीच्या ठोक्यांचे खळगे. ज्याने मला ठोकून घडवलं तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "हिला आपटा, धोपटा, ही कुरकुर करणार नाही." थापा मारायचा. मी कुरकुरते, फक्त ऐकायला कोणाला सवड नसते.

थोरल्याची आई या घरात सून म्हणून आली, तिच्याबरोबर मी आले. तिची सगळी मुलं माझ्यात न्हाली. थोरला तर माझ्यात बसला की उठायचं नाव घेत नसे. पाणी गार पडायचं, ओठ निळे व्हायचे, तरी बाहेर काढलं की घर डोक्यावर घ्यायचा. त्याचं अंग न् अंग मी ओळखते. म्हणूनच आजचं जास्त लागलं.

कामं उरकली की आई मला पालथी घालायची, माझ्या पाठीवर पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, ठेवायची आणि बोटाने अक्षरं जुळवत वाचायची. शाळेत ती जेमतेम गेलेली. पण एकदा वाचलेलं विसरायची नाही. दोन जागी तिचं बोट दर वेळी थांबायचं. एका जागी प्रभू कंबरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो, जो त्याला धरून देणार त्याचेसुद्धा. दुसऱ्या जागी, दुसऱ्याच दिवशी, सुभेदार पिलात ओरडणाऱ्या गर्दीला भिऊन त्याच प्रभूला मरणाला सोपवतो, लोकांसमोर पाणी मागवतो आणि हात धुऊन मोकळा होतो. आई माझ्यावर टिचकी मारून म्हणायची, "बघ गं, भांडं तेच, पाणी तेच. धुणारा बघायचा."

मग प्लॅस्टिकचे टब आले आणि मी पडले कोपऱ्यात. माझ्यात कांदे ठेवले, जुन्या चपला ठेवल्या. तेही सोसलं. तोवर थोरला मोठा माणूस झाला होता. निवडून आला, नगरसेवक झाला. भाषणात शास्त्र उंच धरायचा. उघडलेलं मात्र मी कधी पाहिलं नाही.

गेल्या वर्षी त्याला माझी आठवण झाली. चर्चमध्ये त्याने बारा सफाई कामगारांचे पाय धुवायचे ठरले. मला चिंचेने घासलं, लखलखीत केलं. कॅमेरे आले. पहिलाच पाय माझ्यात पडला तो शिडीचा. शिडी म्हणजे आमच्या गल्लीची गटारं साफ करणारा. एवढा उंच, की खरं नाव सगळे विसरले होते. त्याच्या पायाने माझं पाणी जरासुद्धा गढुळलं नाही. मी चकित झाले. मागाहून तो आईला म्हणाला, "मावशी, आधीच घासूनपुसून आणलेत. मागच्या नळावर उभं करून साबण दिला आम्हाला. साहेबांना पाय नको होते, पायांचा फोटो हवा होता."

आई आधी खो खो हसली. मग घरी येऊन जेवली नाही.

यंदाही तोच कार्यक्रम ठरला, आणि नेमकं चर्चसमोरचं गटार तुंबलं. यंत्र यायला उशीर होता. थोरल्याने इथेच, माझ्यासमोर उभं राहून ठेकेदाराला फोन केला. "यंत्राची वाट कसली बघता? माणूस उतरवा. उद्या मला रस्ता कोरडा हवा." आई भाजी निवडत होती. तिनेही ऐकलं.

शिडी उतरला. आत वायू साचला होता. तो वर आला तो चार जणांच्या हातांवर.

कार्यक्रम पुढे ढकलला. रस्ता खणून ठेवला, नळ बंद झाले, म्हणून आईने दूरच्या हापशावरून पाणी आणून माझ्यात भरून ठेवलं. आणि आज सकाळी शिडीची बायको दारात आली. तिच्या पायांत चपला नव्हत्या.

"साहेब, ठेकेदार म्हणतो तो दारू पिऊन आपल्या मर्जीने उतरला. त्याने आयुष्यात थेंब घेतला नाही हो. पोलीस ऐकत नाहीत. पाद्रीसाहेब म्हणाले, प्रार्थना करतो. तुमचंच दार उरलंय. उद्या चौकशीवाले येतील, त्यांना एवढंच सांगा, त्याला उतरवलं होतं. माझ्या पोरांचा बाप दारुडा म्हणून पुरू नका."

थोरला खिडकीबाहेर बघत म्हणाला, "ताई, मला यातलं काहीच माहीत नाही."

बाई पदर सावरून एक पाऊल पुढे आली. तिला वाटलं असेल, हा अजून काहीतरी बोलेल. मला ओरडावंसं वाटत होतं. पण मी पितळेची. माझी साक्ष कोण काढणार? ती गेली, आणि याने बाह्या सारून माझ्यात हात घातले. साबणाचा फेस माझ्या काठापर्यंत आला. मित्रांनो, इतक्या वर्षांत मला माझ्याच पाण्याची किळस आली नव्हती.

हात पुसता पुसता म्हणाला, "आई, परात घासून ठेव. रविवारी त्या बाईचेच पाय धुऊ. लोकांना भिडेल."

आईने मला दोन्ही कड्यांनी उचललं. पाणी हिंदकळत होतं. तिने ते त्याच्या देखत मोरीत ओतलं, मला पालथी घातली आणि त्याच्याकडे वळली.

"परात मिळणार नाही. अरे, पिलातासमोर निदान गर्दी तरी ओरडत होती. तुझ्यासमोर एक बाई अनवाणी उभी होती, तिलाही घाबरलास? माझ्याच घरात, माझ्याच परातीत हात धुतलेस. ते स्वच्छ झाले नाहीत, बाळा. उद्या चौकशीवाले आले की तो फोन तू सांगायचास. तू नाही सांगितलास तर मी सांगेन, आणि माझं नाव विचारलं तर म्हणेन, मी याची आई."