नीनोची मूठ

मे महिन्यातल्या एका शनिवारी, दुपारी साडेचारच्या सुमाराला, रक्षा सिंदी मेघेतल्या आपल्या घराच्या वरच्या खोलीत उभी होती आणि इटलीतल्या एका गावात नाचत होती.

म्हणजे नाचत होता तो नीनो. साडेचार फूट उंचीचा, साठ किलो वजनाचा, पांढऱ्या अंगाचा यंत्रमानव. मिलानची एक कंपनी असे चाळीस नीनो लग्नांना, प्रदर्शनांना, वाढदिवसांना भाड्याने द्यायची. आज लिस्बन, उद्या प्राग, परवा आणखी कुठे. हा स्वतःच्या डोक्याने चालतो, असं पाहुण्यांना सांगितलं जाई. चालणं, तोल सांभाळणं एवढं तो खरंच स्वतः करी. पण कुणाशी हात मिळवायचा, कुणाच्या विनोदाला मान डोलवायची, कुणाशेजारी फोटोला उभं राहायचं, हे दूर कुठेतरी बसलेलं माणूस करत असे. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत तारांचे मोजे घातले की रक्षाचा हात तो नीनोचा हात. नागपूरच्या एका ऑफिसमार्फत विदर्भातल्या अकरा जणांना हे काम मिळालं होतं, त्यांत रक्षा एक. तीन आठवड्यांचं शिक्षण झालं तेही पडद्यावरच. खरा नीनो तिने कधी समोर पाहिला नव्हता.

त्या दिवशी एका बंद पडलेल्या लोकरीच्या गिरणीच्या जुन्या कामगारांचा मेळावा होता. सत्तरी-ऐंशीची माणसं, लांब टेबलं, कोपऱ्यात अकॉर्डियन वाजवणारा एक म्हातारा. रक्षा इंग्रजीत बोले, ते नीनोच्या तोंडून इटालियनमध्ये बाहेर पडे, आणि लोकांचं बोलणं तिच्या कानात इंग्रजी होऊन येई. सकाळपासून माणसं येत होती, नीनोच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढत होती आणि पाठ फिरवून निघून जात होती. मग एल्सा नावाची शहाऐंशी वर्षांची बाई आली. तिने आपली काठी मात्तेओकडे दिली. मात्तेओ हा नीनोबरोबर गावोगाव फिरणारा कंपनीचा माणूस. आणि एल्साने नीनोपुढे हात केला.

"चल," ती म्हणाली. "माझ्याबरोबर नाचायला इथे आता कुणी उरलं नाही."

रक्षाने नियमाप्रमाणे नीनोचा तळवा उघडा धरला. नागपूरच्या हेमराज सरांनी हा नियम दहादा बजावला होता: पाहुण्याने हात ठेवला तर ठेवू द्यायचा, आपण मूठ मिटायची नाही. नीनोच्या बोटांतली दातेरी चक्रं अशी होती, की हुकूम मिळाल्याशिवाय ती हलत नसत. वीज असो वा नसो, बोटं जिथल्या तिथे घट्ट.

"असं नाही," एल्सा म्हणाली. "नीट धर. मी पडले म्हणजे?"

मोज्यातून रक्षाला तो हात जाणवत होता. पक्ष्यासारखी हलकी हाडं, एक बोट टोकाशी वाकडं. दिवसभरात कुणी तिला हात म्हणून हात दिला नव्हता. तिने मूठ मिटली. अलगद, पण मिटली. हात खांद्याइतका उंच धरून दोघी एक गिरकी फिरल्या, दुसरी फिरल्या. एल्सा तोंड उघडून हसली.

आणि तिचं ते उघडं तोंड तसंच थांबलं. अकॉर्डियन थांबलं. रक्षाच्या बोटांवरचा भार गेला, मोजे नुसते कापडाचे झाले.

तिने चष्मा काढला. डोक्यावरचा पंखा थांबत चालला होता.

"आई!" ती जिन्यावरून ओरडली. "लाईन गेली त इन्व्हर्टर काऊन बंद झाला?"

सासूबाई, अनुसयाबाई, खाली पदराने वारा घेत उभ्या होत्या. "दुपारपासून लाईन येऊन-जाऊन राह्यली वं. जीव उकडून गेला माहा, म्हणून कूलर लावला त्याच्यावर. मले काय मालूम तुह्यं काम चालू हाय!"

संपर्क तुटला की नीनो आहे त्याच अवस्थेत उभा राहतो, आणि दहा मिनिटं दुसऱ्या कुणालाच ताबा देत नाही. गर्दीतल्या कुणी त्याला हाताळू नये म्हणून केलेली ती सोय होती. दहा मिनिटांनी मात्तेओच्या टॅबलेटवर ताबा जाणार. नीनोच्या पाठीवर लाल बटण होतं, पण ते दाबलं तर सगळे सांधे ढिले पडून साठ किलोचं धूड त्या म्हातारीच्या अंगावर कोसळणार, आणि मूठ तरीही सुटणार नव्हती.

मोबाइल वाजला. मात्तेओ. आवाज तुटत येत होता.

"रक्षा, हात सुटत नाही. पाय थरथरताहेत बाईंचे. खुर्ची आणलीय, पण हात इतका वर अडकलाय की बसता येत नाही. किती वेळ?"

"चार मिनिटं," ती म्हणाली. कशाच्या भरवशावर म्हणाली, ते तिचं तिला माहीत नव्हतं. "त्यांना सोडू नको."

लॅपटॉपला त्याची बॅटरी होती. पण नीनोचा ताबा मिळे तो कंपनीकडे नोंदवलेल्या घरच्या इंटरनेटवरूनच. मोबाइलवरून नाही, शेजाऱ्याकडून नाही. म्हणजे जिन्याखाली भिंतीवर लावलेला राउटरचा तो मुठीएवढा डबा चालू व्हायला हवा होता. त्याच्या खालीच इन्व्हर्टरची मोठी बॅटरी होती. रक्षा तिच्याकडे बघत राहिली.

तिचे वडील तानबा नाचणगावला पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचे. त्यांच्या शेजारी बसून तिचं लहानपण गेलं होतं. बॅटरी खराब होऊ नये म्हणून इन्व्हर्टर ती पुरती रिकामी व्हायच्या आधीच बंद होतो, हे तिला ठाऊक होतं. घर चालवायला त्या बॅटरीत दम नव्हता. पण एवढ्याशा डब्याला लागतं किती?

"आई, कैची आणा. आन सुरी."

तिने डब्याच्या अडॅप्टरची वायर कापली आणि दातांनी सोलली. आत दोन तारा, दोन्ही काळ्या, एकीवर बारीक पांढरी रेघ. पांढरी रेघ म्हणजे प्लस. बहुतेक वेळा. उलटं लागलं तर डबा जळणार, आणि मग दहा मिनिटं भरेपर्यंत हातावर हात धरून बसायचं. शहाऐंशी वर्षांचे पाय दहा मिनिटं टिकले असते का? तिने श्वास रोखून रेघेची तार लाल टोकाला लावली आणि दुसरी काळ्याला.

काहीच झालं नाही.

दिवा लागला नाही, धूरही निघाला नाही. तिने पुन्हा दाबून पाहिलं. काही नाही. कपाळाचा घाम डोळ्यांत उतरला. मोबाइलमधून मात्तेओ काहीतरी म्हणत होता, त्याच्यामागे एक बारीक कण्हणं ऐकू येत होतं. मग तिला दिसलं, बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवट क्षार चढला होता. तिने सुरीने तो खसाखसा खरवडला आणि खालचं शिसं चमकल्यावर तारा पुन्हा टेकवल्या. डब्यावर लाल दिवा लुकलुकला.

तारा बांधायला वेळ नव्हता.

"आई, हे इथं दाबून धरा. दोन्ही हातांनं. हालू नका."

"करंट लागन ना वं!"

"नाई लागत. बाराच व्होल्ट हाय. माह्यावर भरोसा ठेवा."

अनुसयाबाईंनी देवाचं नाव घेतलं, डोळे मिटले आणि खाली बसून दोन्ही तारा अंगठ्यांनी दाबून धरल्या. रक्षा दोन-दोन पायऱ्या चढत वर पळाली.

डबा सुरू व्हायला दीड मिनिट लागलं. लॅपटॉपच्या पडद्यावरचं चाक फिरत होतं, फिरत होतं. खालून सासूबाईंचा आवाज आला, "लागलं का वं?" आणि त्याच क्षणी चष्म्यात उजेड झाला.

एल्साचं तोंड राखेसारखं झालं होतं. ती पडली नव्हती, कारण मात्तेओने आपला खांदा तिच्या काखेखाली घातला होता आणि गुडघे वाकवून तिचा सगळा भार तो अंगावर तोलत होता. त्याच्या शर्टाची पाठ ओली झाली होती. सात मिनिटं तो तसाच उभा होता.

आता घाई केली असती तर सगळंच संपलं असतं. रक्षाचा हात जिथे असेल तिथे नीनोचा हात झेप घेणार. म्हणून आधी तिने आपला हात चष्म्यात दिसणाऱ्या त्याच्या हाताच्या हिरव्या रेषेत तंतोतंत बसवायचा, मगच जोडणी घ्यायची. तिने हात उचलला. रेषेतून मनगट बाहेर जाई, आत येई, पुन्हा बाहेर जाई. तिने डाव्या हाताने उजवं कोपर धरलं, श्वास सोडला आणि थांबली. रेष जुळली. तिने जोडणी घेतली.

मोज्यात पुन्हा हाडं आली. थंड.

"सोडते आजी, सोडते. हात ओढू नका," ती म्हणाली. ते इटालियन होऊन बाहेर पडलं की तसंच मराठीत, हे तिला कळलं नाही. आधी अंगठा. मग करंगळी. मग एकेक करून बाकीची बोटं. एल्साचा हात सुटला, आणि मात्तेओने तिला खुर्चीत बसवलं. मनगट निळं पडलं होतं. तिने ते पोटाशी धरलं आणि नीनोच्या तोंडाकडे पाहिलं. रागाने नव्हे, पण आता ती हसतही नव्हती. ते पाहणं रक्षाला सोसलं नाही. तिने मान खाली घातली, तशी तिकडे नीनोनेही घातली.

संध्याकाळी हेमराज सरांचा फोन आला. मनगटाच्या हाडाला चीर गेली होती. एल्साची मुलगी तक्रार करणार होती.

"मॅडम, लाईन गेली हे समजलं. पण मूठ काऊन मिटली?"

"त्या बाईनं नीट धर म्हटलं, सर. मी धरला."

"हे पाहा. तुम्ही रिपोर्टात असं लिहा, की बाईनं स्वतःच बोटं वळवली. आन त्या वक्ती मात्तेओ जागेवर नव्हता, सिगरेट प्यायले बाहेर गेलता. मिलानवाले त्याच्यावरच संशय घेऊन राह्यले. तुमचं नाव येतच नाई."

"कोणं पाह्यलं त्याले बाहेर जातानी?"

"कोणी नाई. म्हणून त तुम्ही लिहा म्हणतो."

रक्षाने रात्रीचा स्वयंपाक केला. नवरा गोपाल बाजारातलं दुकान बंद करून आला, सगळं ऐकून म्हणाला, "खरं लिहिशील त काम जाईन. पण ठरव तू." अनुसयाबाई ताटावर बसल्या होत्या. त्यांच्या दोन्ही अंगठ्यांवर तारांचे वळ उठले होते. "कूलर म्या लावला," त्या म्हणाल्या, "ते बी लिहिजो."

तिने लिहिलं. मूठ मी मिटली. नियम मला माहीत होता. मात्तेओ एक क्षणही जागेवरून हलला नाही. तो नसता तर बाई पडल्या असत्या. आणि शेवटी: संपर्क तुटल्यावर मूठ मिटलेलीच राहणं ही चूक माझी नाही, ती यंत्राची आहे, आणि ती आज नाही तर उद्या दुसऱ्या कुणाचा हात मोडेल.

दुसऱ्या दिवशी तिचं काम थांबवण्यात आलं. चष्मा आणि मोजे खोक्यात भरून नागपूरला परत गेले. मात्तेओची नोकरी राहिली; त्याने दोन ओळींचा मेसेज पाठवून आभार मानले. उपचाराचा खर्च कंपनीने दिला, आणि नीनोच्या आत कोण होतं हे एल्साच्या मुलीने खोदून विचारल्यावर, तिथे माणूस असतो हेही कबूल करावं लागलं. एल्साचं मनगट प्लास्टरमध्ये होतं. यापलीकडे रक्षाला काही कळलं नाही. ती दुकानात बसू लागली. गिऱ्हाइकाच्या हातात सुटे पैसे ठेवताना तिची बोटं हटकून आधीच उघडत, आणि नाणी खाली पडत.

पाचव्या आठवड्यात हेमराज सरांचा फोन आला. हाताची रचना बदलली होती. संपर्क तुटताच तीन सेकंदांत बोटं आपोआप उघडणार होती. एक नीनो चाचणीला नागपूरला आला होता.

"येता का? इथं कोणी हात द्याले तयार नाई," ते म्हणाले, आणि पुढे, "तुमचा रिपोर्ट मी जसाच्या तसा पाठवलता, मॅडम."

नीनो तिच्या कल्पनेपेक्षा लहान निघाला. तिच्या खांद्याच्या थोडा वर येईल एवढाच. ऑफिसातली चार-पाच माणसं भिंतीला टेकून उभी होती. शेजारच्या खोलीत चष्मा घालून एक नवा माणूस बसला होता. त्याने नीनोचा हात पुढे केला.

रक्षाने बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या आणि आपला हात त्या तळव्यावर ठेवला. तळवा रबरासारखा, गार.

"मूठ मिटा," ती म्हणाली.

बोटं तिच्या हाताभोवती आली आणि घट्ट झाली. तिने ओढून पाहिलं. हात सुटत नव्हता. ती एल्सासारखी खांद्याइतका हात उंच करून उभी राहिली.

"आता त्यांच्या नेटची वायर ओढा."

"मॅडम, पक्कं ना?" हेमराज सरांनी विचारलं.

"ओढा."

वायर निघाली. नीनो जागच्या जागी थिजला. एक. त्याच्या काचेच्या डोळ्यांत तिला आपलंच तोंड दिसत होतं. दोन. बोटं तशीच होती, आणि तिला वाटलं, नाही उघडत. तीन. आत कुठेतरी बारीक किरकिरलं, आणि आधी अंगठा, मग सगळी बोटं एकदम बाजूला झाली.

खोलीत कुणीतरी टाळी वाजवली. रक्षाने मनगट चोळलं. तिथे लाल वळ उठला होता, पण हाड शाबूत होतं. तिने हात पुन्हा त्या तळव्यावर ठेवला.

"अजून एकदा," ती म्हणाली. "या वक्ती जास्त घट्ट धराले सांगा."