राष्ट्राध्यक्षांनाही रडू आलं

नव्याकोऱ्या चर्चच्या दारात मुंगीला शिरायला जागा नव्हती! भिंतींच्या रंगाचा वास अजून गेला नव्हता, आणि चमत्कार मात्र सुरू झाले होते. संताचा पितळी पुतळा रडतो म्हणे. आणि रडत होताच हो! कपाळावरून ओघळ यायचा, डोळ्याच्या खोबणीत साचायचा आणि टपकन खाली पडायचा. खाली जाड भिंगांचा चष्मा लावलेला एक गृहस्थ वाटी धरून उभा. चर्चचा तो कुणीच नव्हता, सेवक म्हणून स्वतःच स्वतःला नेमलेलं.

"गर्दी वाढली की करुणा वाढते! दारं उघडी ठेवा, पुढे सरका, उसासे सोडा! दोन थेंब डोळ्यांत घाला आणि औषधं फेकून द्या!"

 माझ्याबरोबरच्या मावशीला काचबिंदू. रोजचे थेंब चुकले तर नजर जाईल, आणि गेलेली परत येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण औषध झोंबतं, म्हणून ही निमित्तच शोधत असते. तिनं अश्रूंची बाटली भरून घेतली आणि पर्समधलं औषध माझ्या हातात कोंबलं.

"ठेव तुलाच. सुटले एकदाची!"

"अगं मावशी, डोळे म्हणजे काय खेळ वाटला?"

"तुला मेलीला कशातच देव दिसत नाही. आज रात्री हेच घालणार!"

भांडत भांडतच आम्ही समोरच्या राष्ट्राध्यक्षांच्या इतिहास संग्रहालयात शिरलो. दारातच एका राष्ट्राध्यक्षांचा पितळी पुतळा, खाली पाटी: 'यांना रडताना कुणी कधीच पाहिलं नाही.' तेवढ्यात शाळेची सहल आली. दार सताड उघडं राहिलं, मुलांचा लोंढा पुतळ्याभोवती जमला, आणि थोड्याच वेळात राष्ट्राध्यक्षांच्या डोळ्यातून टप्!

"अगं बाई! हासुद्धा?" मावशीनं माझा दंड धरला.

पहारेकऱ्यानं फडक्यानं राष्ट्राध्यक्षांचं नाक पुसलं, पायानं बादली पुढे सरकवली आणि खेकसला, "दार लावा रे!"

मी मान वर केली. पुतळ्याच्या डोक्यावर एसीचं तोंड. चर्चमध्येही अगदी तसंच होतं! मी उपाहारगृहातून बर्फगार पाण्याची स्टीलची बाटली घेतली, मावशीला ओढत चर्चमध्ये नेलं आणि बाटली संताशेजारी ठेवली. बघता बघता बाटलीलाही पाझर फुटला.

"घ्या, हिलाही करुणा आली!" मी म्हटलं. "एसीनं पितळ गार पडतं. उघड्या दारातली दमट हवा आणि तुमचेच उसासे त्यावर गार होऊन त्यांचं पाणी होतं. गर्दी वाढली की पाणी वाढणारच!"

"पाखंडी!" सेवक कडाडला. "मी स्वतः रोज हे थेंब घालतो!"

मावशी त्याच्याकडे रोखून बघत म्हणाली, "मग हा चष्मा कशाला हो?"

गर्दीत खसखस पिकली. मावशीनं अश्रूंची बाटली त्याच्या वाटीत रिकामी केली, बाकावर बसली आणि मान मागे टाकली. "घाल गं औषध. आणि जास्त शहाणपणा नको."

देव मानायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण डोळ्यांत काही घालण्याआधी ते कुठून गळतंय, एवढं मान वर करून बघा.

औषध झोंबलं. मावशीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि सवयीनं त्या सेवकानं वाटी पुढे केली.