योरुनच्या टाचेखालचे पान

मित्रांनो, मी एक जुने पान आहे आणि मला अजूनही भीती वाटते. कोणी खोलीत आले की त्याच्या हातात दिवा किंवा पेटती काडी तर नाही ना, हे मी आधी पाहून घेतो. साडेतीनशे वर्षे झाली तरी ही खोड गेलेली नाही. माझा आकारही जरा चमत्कारिक आहे. इतर पाने चौकोनी असतात, मी मात्र तळपायाच्या मापाचा आहे. असे का झाले, ते आज तुम्हांला सांगतो.

मुळात मी वासराचे कातडे. आइसलंडच्या पश्चिमेला एका अरुंद खाडीच्या काठी मला खरवडून, ताणून, दगडाने घासून गुळगुळीत केले. केटिल नावाच्या शेतकऱ्याच्या पणजोबाने रानझुडपे उकळून काळी चकचकीत शाई केली आणि आमची पोथी लिहिली. माझ्या भावंडांवर औषधी पाल्याचे गुण होते, ताऱ्यांच्या वाटा होत्या, चर्च यायच्या आधीच्या लोकांचे शहाणपण होते. माझ्यावर आठ फाट्यांची एक मोठी खूण होती आणि तिच्याखाली एकच ओळ.

केटिलला या पोथीचे वेड होते. हिवाळ्यात घरची माणसे लोकर विंचरत बसली की तो मोठ्याने वाचायचा. शेजारीपाजारी मुद्दाम ऐकायला यायचे. "केटिल, ते ताऱ्यांचं पुन्हा वाच की!" असा आग्रह व्हायचा, आणि मला पोथीत मिटल्या जागीही मोठा अभिमान वाटायचा. त्याची मुलगी योरुन तेवढी नाक मुरडायची. ती भिंतीला टेकवलेल्या उंच मागापुढे उभी राहून विणत असे.

"इतकी वर्षं वाचताय बाबा, त्यातून मिळालं काय तुम्हांला?" ती विचारायची.

"अगं, कधीच मेलेला माणूस माझ्याशी बोलतो आणि मला त्यातलं निम्मंच कळतं," केटिल म्हणायचा. "उरलेलं निम्मं कळेपर्यंत चैन कशी पडेल?"

"मला मेंढ्यांचं सगळं कळतं. मला बाई चैन पडते."

मग दिवस पालटले. जुन्या खुणा जवळ बाळगणाऱ्यांना चेटके ठरवून जिवंत जाळू लागले. पलीकडच्या खाडीत एकाला जाळले तेव्हा त्याचा धूर आमच्या छतावरून गेला. त्या दिवसापासून पोथी लोकरीच्या पोत्यात गेली. ऐकायला येणारे शेजारी केटिल दिसला की वाट बदलू लागले. पोत्यात आम्ही पाने एकमेकांना घट्ट चिकटून पडलो होतो, आणि अंगणात घोड्याचा आवाज आला की माझा जीव गोळा व्हायचा.

एवढे असूनही केटिलने चूक केली. कोल्बेन या शेजाऱ्याची गाय आटली, तो रडकुंडीला आला. केटिलला दया आली. पोथीतली एक बारीक खूण त्याने चिठोऱ्यावर काढून दिली आणि गाईच्या शिंगाला बांधायला सांगितली. गाय दूध देऊ लागली. पुढच्याच आठवड्यात कोल्बेनची बायको अंथरुणाला खिळली. ही त्या खुणेचीच बाधा समजून कोल्बेन भ्याला, आणि तोच चिठोरा घेऊन अंमलदाराकडे धावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी योरुन धापा टाकत आत आली. "बाबा, अंमलदार ओर्मुर निघालाय. चार घोडे आहेत. ओढ्यापर्यंत आलेत!"

केटिलने पोथी पोत्यातून काढली आणि चुलीकडे पाहिले. मित्रांनो, त्या क्षणी मला जे वाटले ते शब्दांत सांगता येत नाही.

"चुलीत नको!" योरुन ओरडली. "कातडं जळल्याचा वास ओढ्यापलीकडं जाईल. द्या इकडे."

तिने कात्री उचलली. आमच्याकडे जुन्या चर्चच्या कातडी पोथ्या निकामी झाल्या की बायका त्यांतून कपड्यांचे नमुने कापत, म्हणजे अंगरख्याची पाठ, बाही, गळा. घरोघरी असे नमुने खुंटीला टांगलेले असत. योरुनने माझ्या भावंडांचे तसेच तुकडे केले. कात्रीचा प्रत्येक आवाज मी ऐकत होतो. ताऱ्यांची बाही झाली, औषधांची पाठ झाली. माझ्यावरची खूण मात्र इतकी मोठी होती की कसेही कापले तरी दिसलीच असती. योरुनने मला जमिनीवर टाकले, माझ्यावर पाऊल ठेवले, भोवतीने कात्री फिरवली आणि मला आपल्या जोड्यात सारले. वर पाय घालून ती मागापाशी उभी राहिली, तोच दार उघडले.

ओर्मुरच्या माणसांनी घर उलथेपालथे केले. एकाने खुंटीवरचे नमुने चाळले. "जुन्या प्रार्थनापोथीचे दिसतात. माझ्या बायकोकडे अस्सेच आहेत," तो म्हणाला आणि त्याने ते परत टांगले.

पण आता दुसरेच संकट उभे राहिले. आमच्याकडचे मऊ जोडे कधी वाजत नाहीत, पण मी सुका होतो, आणि योरुनने नुसता भार बदलला तरी कुरकुरत होतो. ते तिलाही कळले. ती जागची हलेना. आमच्याकडे मागावर विणणारी बाई या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी चालते. ओर्मुर तिच्याकडे रोखून पाहू लागला.

"काय गं, हात चालत नाहीत, पाय चालत नाहीत! घरी आलेल्याला काही प्यायला द्यायची पद्धत मोडलीत का तुम्ही?"

"देते ना," योरुन म्हणाली. ती हलली मात्र नाही. तिची टाच थरथरत होती आणि तिच्याखाली मीही. एक पाऊल, आणि केटिल चितेवर गेला असता.

केटिलने मुकाट्याने दह्याच्या आंबट पाण्याचा कटोरा भरून तिच्या हातात दिला. तिने तो घेतला आणि सगळाच्या सगळा आपल्या पायावर सांडला.

"अरेरे! पोरीच्या हातात जीव आहे की नाही?" ओर्मुर हसला.

"तुम्हांला पाहून कुणाच्या हातात राहील?" योरुन म्हणाली.

ते आंबट पाणी माझ्यात झिरपले. भिजलेले कातडे मऊ पडते, कुरकुरत नाही. योरुन शांतपणे चालत गेली, दुसरा कटोरा भरून तिने ओर्मुरला दिला. मी तोंडातून अवाक्षर काढले नाही. केटिलने चिठोऱ्याबद्दल साफ कानांवर हात ठेवले, पोथी तर सापडलीच नव्हती. सगळे घोडे निघून गेले.

मग योरुन मटकन खाली बसली आणि ढसाढसा रडली. रडून झाल्यावर तिने मला जोड्यातून काढले. टाचेखालची ओळ पार धुऊन गेली होती.

"काय होतं इथं?" तिने विचारले.

"जाऊ दे पोरी. आता मला त्याचं नावसुद्धा नको."

"मला हवंय. ज्याच्यावर उभी राहिले ते काय होतं, ते मला कळायला नको?"

केटिलला ती ओळ पाठ होती. तो हळू आवाजात म्हणाला, "रागावलेल्या सत्तेपुढे जायचं असेल, तर ही खूण पायाखाली ठेवावी, म्हणजे..."

"खोटं आहे सगळं. माझे पाय शेवटपर्यंत लटपटत होते."

"पाय लटपटणार नाहीत असं लिहिलेलंच नाही."

"मग काय लिहिलंय?"

"उभं राहता येईल. एवढंच लिहिलंय."

योरुनने उठून खुंटीवरची ताऱ्यांची बाही काढली आणि बापापुढे धरली. "हे पहिलं अक्षर कोणतं?" तिने विचारले. त्या हिवाळ्यात दाराला अडसर लावून ती एकेक तुकडा वाचायला शिकली.

आज मी एका ग्रंथालयाच्या कपाटात असतो. दूरदूरची मुले येतात, भिंग लावून माझी टाच तपासतात आणि पुसलेली ओळ काय असेल यावर तासन्‌तास वाद घालतात. त्यांनाही ते उरलेले निम्मे हवे असते. मी त्यांना सांगू शकत नाही, पण तुम्हांला सांगितले. म्हणून मित्रांनो, एक विनंती आहे. न कळणारे एखादे पान तुमच्या हाती आले आणि त्याची भीती वाटली, तर चुलीकडे जाण्याआधी योरुनसारखे पहिले अक्षर विचारा. पाय लटपटले तरी विचारा.