सणात पट्टी बंद

आमच्या चॅनेलवर गणपतीच्या दिवसांत कुणी मरत नाही. हा नियम आहे आणि तो मी केलाय.

चॅनेल म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. उल्हासनगर कॅम्प तीनमध्ये जीन्स शिवणाऱ्या कारखान्याच्या डोक्यावर आमच्या दोन खोल्या. खाली दिवसभर मशिनी धडधडतात, वर आम्ही अंबरनाथ-बदलापूरला पाणी कधी येणार ते सांगतो. सकाळी भजन, दुपारी पाककृती, सातला बातम्या. बातम्या मी वाचते. साडेसात वाजता पडद्याच्या तळाशी काळी पट्टी सरकायला लागते. दुःखद निधन, नाव, वय, गाव, दशक्रिया कुठे, कधी. माझ्या बातम्या लोक बघतात की नाही देव जाणे, पट्टी मात्र ताटातलं जेवण थांबवून बघतात.

सहा वर्षांपूर्वी गणपतीच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही अशी एक पट्टी सोडली. गेलेला माणूस म्हातारा होता, पण त्याची भावकी केवढी! आम्हा आगरी लोकांत भावकीतलं कुणी गेलं की सगळ्यांना सुतक, आणि सुतकात गणपती ठेवता येत नाही. पण एक पळवाट आहे. सुतक लागतं ते कळल्यापासून. कळलंच नाही तर लागत नाही, आणि दहा दिवस उलटल्यावर कळलं तर आंघोळ केली की सुटलं, असं आमच्याकडे धरून चालतात. त्या पट्टीमुळे एकतीस घरांना एकाच वेळी कळलं. एकतीस गणपती दुसऱ्याच दिवशी पाण्यात गेले. तिसऱ्या दिवशी त्या घरांतले पुरुष आमच्या ऑफिसात आले आणि दाराची काच घेऊन गेले, म्हणजे फोडून गेले.

आमचे मालक जयदेवशेठ घाबरले. तेव्हा मीच सणाचा चार्ट बनवला. चतुर्थी ते चतुर्दशी काळी पट्टी बंद, बातम्या बंद, त्या जागी ‘घरचा बाप्पा’ लाइव्ह, आणि खाली भगव्या पट्टीत शुभेच्छा. पट्टीच्या दोन्ही टोकांना एकेक मोदक. सगळे खूश झाले. मेलेल्यांचं कुणी विचारलं नाही. गेल्या वर्षी विठा नावाची एक बाई नवऱ्याच्या नावाची चिठ्ठी घेऊन तीन तास बाकावर बसली होती. मी तिला म्हटलं, “विसर्जनानंतर या.” अगदी गोड आवाजात म्हटलं, बातम्या वाचायच्या आवाजात. ती परत आली नाही.

आता माझ्या बाबांबद्दल. अनंता पदू भोईर. अंबरनाथ एमआयडीसीत तीस वर्षं पाळ्या केल्या, निवृत्त झाले, आणि बदलापूरला कात्रपमध्ये माझ्याबरोबर आणि माझा धाकटा भाऊ भूपेशबरोबर राहात होते. गावचं घर त्यांच्या पुतण्याकडे, कल्पेशदादाकडे. घरामागच्या जमिनीच्या तुकड्यावरून दोघांचं फाटलं आणि बाबांनी गावच्या घराची पायरी सोडली. पण त्या घरात त्यांची थोरली बहीण होती. गोदूबाई, माझी आत्या. लग्नानंतर चारच वर्षांत विधवा होऊन माहेरी आली, ती तिथेच राहिली. बाबांची आई गेली तेव्हा ते पाच वर्षांचे होते. त्यांना वाढवलं ते आत्यानं.

आत्याला वाचता येत नाही. म्हणून रोज साडेसातला ती बाबांना फोन लावायची. तिच्या साध्या फोनवर दोनचं बटण दाबलं की बाबा. ती तिकडे टीव्हीसमोर, हे इकडे टीव्हीसमोर.

“अनंता, आज कोन गेला र?”

आणि बाबा तिला पट्टी वाचून दाखवायचे. ती तीन गोष्टी विचारायची: नाव काय, गाव कुठला, दहावा कदी. मग प्रत्येकाचं थोडं उणंदुणं काढायची, थोडं हळहळायची. बहीण-भावाचं बोलणं एवढंच. पट्टी संपली की फोन बंद. गणपतीत पट्टी नाही, म्हणून फोनही नाही. हेसुद्धा माझ्याच चार्टमुळे.

यंदा चतुर्थीच्या सकाळी चहाचा कप हातात असताना बाबा गेले. कप फुटला नाही. तो मी त्यांच्या बोटांतून सोडवून घेतला.

पहिला फोन मी कल्पेशदादाला केला. मागून भटजींचा आवाज येत होता.

“दादा, बाबा...”

“थांब,” तो घाईघाईनं म्हणाला. “जिज्ञासा, मूर्ती पाटावर ठेवायचीय. तू आता जे काय सांगनार हायस ना, ता सांगू नको.”

“दादा, बाबा गेले.”

“आवाज येत नाय गो. रेंजच नाय इकरं,” म्हणाला आणि फोन ठेवला. त्याच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर आहे.

त्याचंही सांगते, म्हणजे मी एकतर्फी बोलतेय असं वाटायला नको. यंदा त्याला नगरसेवकाचं तिकीट हवं होतं. नवव्या दिवशी त्याच्या घरचा बाप्पा आमच्या चॅनेलवर लाइव्ह होता, मोठमोठी माणसं आरतीला यायची होती. अशात सख्खा चुलता मेला तर कुणाचीही पंचाईत होईल. माणसानं मरताना जरा कॅलेंडर बघायला हवं.

बाबांना खांदा द्यायला भूपेश, त्यांचे कंपनीतले दोन मित्र आणि आमच्या बिल्डिंगचा वॉचमन. भावकीतलं कुणी नाही. त्या चिडीतसुद्धा मला एकच गोष्ट हवी होती. दहाव्याला आत्या हवी होती. ज्या बाईनं त्यांना लहानाचं मोठं केलं तिनं निदान नदीवर येऊन एक तांब्या पाणी सोडावं, त्यांच्या नावानं रडावं. तिचा फोन चतुर्थीपासून बंद लागत होता. म्हणून तिसऱ्या दिवशी मी गावी गेले.

फाटकाशी कल्पेशदादाची बायको, राजसीवहिनी, आडवी आली. नऊवारी, नथ, हातात आरतीचं ताट.

“आत नको येऊ गो. तू सुतकातली. बाप्पा बसलेत.”

“म्हणजे वहिनी, तुम्हाला माहीत आहे.”

तिनं ताटातलं निरांजन उगाच सरळ केलं. “काय म्हाईत?”

“आत्याला बाहेर बोलवा. मी इथूनच बोलते.”

“आत्या जपाला बसल्यात,” म्हणाली आणि फाटकाची कडी लावली. मला बाहेर ठेवण्यापुरतं सुतक तिला ठाऊक होतं, स्वतःपुरतं नव्हतं. आतून आत्याचं हसणं ऐकू येत होतं. ती कुणाला तरी मोदकाच्या कळ्या पाडायला शिकवत होती.

चौथ्या दिवशी जयदेवशेठचा फोन. “मॅडम, आदमी नहीं है. तुम्ही या ना. स्टुडिओत सुतक नाही लागत, बस कॉम्प्युटर पे बैठना है.”

“येते. पण बाबांची पट्टी सोडायची.”

“अहो, रूल तुमचाच आहे ना?”

मला विठा आठवली. तरीही मी गेले, कारण पट्टीचा कीबोर्ड तिथे होता.

नवव्या दिवशी संध्याकाळी सात वाजता ‘घरचा बाप्पा’ सुरू झाला. आमचा सोहम कॅमेरा घेऊन कल्पेशदादाच्या हॉलमध्ये, मी इकडे मशिनींच्या धडधडाटावर एकटी. चांदीचं मखर दिसलं, पाहुणे दिसले. समोरच्या भिंतीवर त्याचा भला मोठा टीव्ही, आणि त्यावर आमचंच चॅनेल लावलेलं. ती माणसं स्वतःची आरती स्वतःच टीव्हीवर बघत होती. सोहमनं माइक फिरवत फिरवत आत्यासमोर नेला. हिरवं लुगडं, मांडीवर मोदकांची वाटी.

“आजी, बाप्पाकडे काय मागितलं?”

आत्यानं थेट कॅमेऱ्यात बघितलं. “अनंता, बघतस ना र? पट्टी बंद म्हून तू पन बंद झालास काय? ये र आरतीला. भांडान सोर. माजा काय, आज हाय, उद्या नाय. ये, मी तुज्यासाठी मोदक ठेवलेत.”

मी टाइप केलं. अनंता पदू भोईर, वय एकाहत्तर, चतुर्थीस दुःखद निधन. दशक्रिया उद्या सकाळी आठ वाजता, उल्हास नदीघाट, बदलापूर. आणि बटण दाबलं.

सणाच्या चार्टमध्ये काळा रंग मीच काढून टाकला होता. त्यामुळे माझ्या बापाचं मरण भगव्या पट्टीत सरकायला लागलं, दोन्ही टोकांना मोदक घेऊन.

हॉलमधल्या माना टीव्हीकडे वळल्या. मला पडद्यावर त्या वळताना दिसल्या. राजसीवहिनीनं वाचलं. कल्पेशदादानं वाचलं. एका पाहुण्यानं वाचून हळूच चपला शोधायला सुरुवात केली. आत्यानंही बघितलं. अक्षरं सरकतात एवढं तिला कळतं.

“खाली काय आला र कल्पेश? वाच ना.”

माइक अजून तिच्यासमोरच होता. कल्पेशदादानं घसा साफ केला आणि तीन शहरांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, “गणेशोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा, आत्ये. आपल्याच लोकांनी दिल्यात.”

आत्यानं टीव्हीला हात जोडले. पट्टी पुढे सरकत होती आणि ती भावाच्या नावाला नमस्कार करत होती, हसून.

माझ्यासमोर माइक होता. बातम्यांचा माइक, नुसता स्विच वर करायचा होता. माझा आवाज आत्या ओळखते, त्या हॉलमध्ये तो घुमला असता. मी स्विच वर केला. आणि माझ्या तोंडून आवाजच फुटला नाही. आठ वर्षं मी पाण्याच्या कपातीपासून पुलाच्या उद्घाटनापर्यंत सगळं वाचलं, एक वाक्य मला बोलता येईना. ते हसणं माझ्या आवाजानं बंद पडणार होतं, तेही सगळ्यांसमोर, आणि ते मला झेपलं नाही. भित्री म्हणा हवं तर. मी स्वतःला त्याहून वाईट म्हटलंय.

चार मिनिटांत जयदेवशेठचा फोन आला. पट्टी त्यांच्या मोबाइलवरूनही बदलता येते, त्यांनी स्वतःच नवी सोडली: तांत्रिक कारणामुळे चुकीचा मजकूर प्रसारित झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत. माझे बाबा चुकीचा मजकूर झाले. मी चपला घालून खाली उतरले, शेअर रिक्षात बसले, ती पुन्हा त्या जिन्यावर चढले नाही.

दहाव्याला घाटावर भूपेशनं एकट्यानं डोकं भादरून घेतलं. भावकीतल्या एकाच्याही डोक्यावरचा केस हलला नाही. पट्टी वाचून आलेली एकच बाई होती, मला ओळखायला जरा वेळ लागला. विठा. लांब उभी राहिली, पाणी सोडलं आणि निघून गेली. तिच्याशी बोलायचं धाडस मला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी विसर्जन झालं. कल्पेशदादाच्या मिरवणुकीत दोन ढोलपथकं होती म्हणे.

त्याच्या पुढच्या दिवशी नेहमीचा चार्ट परत लागला. मी आणि भूपेश कात्रपच्या घरी टीव्हीसमोर बसलो होतो. साडेसातला काळी पट्टी आली. अकरा दिवसांचे साठलेले लोक तारखेनं लावलेले, त्यात बाबा पहिले. चिठ्ठी भूपेश देऊन आला होता. तेवढ्यात कपाटावर चार्जिंगला लावलेला बाबांचा फोन वाजला. आत्याला फोन परत मिळाला होता. भूपेशनं माझ्याकडे बघितलं. मी उचलला.

“अनंता! झाली बघ पट्टी चालू. यंदा लय लोका गेली वाटतं. वाच र, कोन कोन गेला?”

“आत्या, मी जिज्ञासा.”

“तो कुठं हाय? बाथरूमला गेला आसंल. ऱ्हाऊ दे, तू वाच. तू बरी वाचतस. पयला नाव काय?”

मी वाचलं. या वेळी आवाज फुटला. नाव वाचलं, वडलांचं नाव वाचलं, आडनाव वाचलं. वय वाचलं. गाव वाचलं, तिचंच गाव.

तिकडच्या टीव्हीचा आवाज फोनमधून येत होता, इकडच्यापेक्षा क्षणभर मागे. मग सवयीनं म्हणा किंवा कशानं, तिनं तिसरा प्रश्न विचारला.

“दहावा कदी हाय?”

“झाला आत्या. परवा.”

“त्या दिशी कल्पेशनं वाचलान ता...”

“हो. तेच होतं.”

ती रडेल, कल्पेशला शिव्या देईल, मला देईल, असं वाटत होतं. मी त्याची वाट बघत होते. तिनं त्यातलं काहीच केलं नाही.

“दहा दिस,” ती म्हणाली, “दहा दिस मी गोडाचा जेवली गो.”